डाव्या अंगानं

आमच्या घरातलं शेवटचं नऊवारी
सासूबाईंबरोबर गेलं.
म्हणून पंचफुलाबाईकडं मी पलंगपोस घेऊन गेले, चार,
पिशवीत तळाशी, वर मेथीची जुडी ठेवून.
गोधडीला लुगडं लागतं, हे मलाही माहीत आहे.
हे आपलं मिलचं, गुलाबाच्या फुलांचं,
आर्वीच्या सेलमधून आणलेलं
दोन खोळींसकट दोनशे ऐंशीला.

तिनं मेथी बाजूला ठेवली.
कापड चिमटीत धरून चोळलं,
कानाशी नेलं, जसं काही ते बोलणार होतं,
मग दारात उभी राहून उजेडाकडं धरलं.
चाळणीतून यावा तसा उजेड आला,
पण अर्ध्यातूनच.
उरलेल्या अर्ध्यात गुलाब नुसते लाल.

"लोकायच्या चादरी मंधात इरतात व माय,
तुही काहून डाव्या अंगानं?"

मी म्हटलं, रात्रपाळी.
"जिनिंगात?"
हो. अकरा वर्षं.
दिवाळीपासून होळीपर्यंत, कधी पाडवा ओलांडून,
जितका कापूस येईल तितक्या रात्री.
सकाळी येतो तेव्हा भुवयांत रुई असते,
रोज म्हातारा होऊन येतो
आणि तोंड धुतलं की पुन्हा त्रेचाळीसचा.
पलंगावर टेकत नाही. म्हणतो, अंगावरची रुई तुझ्या नाकात जाईल.
लिंबाखाली उघड्या बाजेवर पडतो,
दुपारी चारला उठतो
पाठीवर सुंभाची जाळी उमटवून.

आणि उन्हाळ्यात, असं तिनं विचारलं नाही.
उन्हाळ्यात सगळं गावच अंगणात निजतं.

मी हेही सांगितलं नाही
की त्याची बाजू मी रोज झटकते.
तिथं कुणी निजलेलं नसतं,
चुरगळलेलं काही नसतं,
तरी झटकते.

पंचफुलाबाईनं कात्री घेतली नाही.
काठ दातात धरला, तोडला,
आणि टर्रर्र करत मधोमध फाडत नेलं,
अगदी तिथून, जिथं मी कुशीवर वळून थांबते.
मला उगाच घसा खाकरावा लागला.

"कोऱ्यात सुई शिरत नाई, इणच घट्ट.
इरल्यात टाका टिकत नाई.
एकावर एक घालू. मंग पाय."

बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला तिनं,
सुई ओढायला.
पहिल्याच टाक्याला सुई वाकली.
सुईला एक शिवी, मला एक,
मिलवाल्याच्या मायबापाला दोन.
सहाशे रुपये, दोरा तिचा.
जुन्या लुगड्याचे चारशेच घेते म्हणे,
तिथं सुई आपसूक चालते.

महिन्यानं गोधडी आली.
जड. विहिरीतून काढल्यासारखी जड.
फिके गुलाब आत गेलेत, लाल वर,
काही ठिकाणी उलटं,
कारण संध्याकाळी तिला नीट दिसत नाही.
माझी बाजू कुठली, त्याची कुठली,
बोटांनी चाचपलं तरी कळत नाही आता.
नुसते टाके लागतात, ओळीनं,
पेरणीच्या तासांसारखे,
आणि कुठं तरी एखादं तास भरकटलेलं.

दिवसा ती बाजेवर असते, त्याच्याखाली.
तो डबा घेऊन निघाला की मी आत आणते,
लिंबाची दोन पानं झटकते, रुई झटकते,
आणि लवकर पडते, ऊब निघून जाण्याआधी.
पहाटे भोंगा झाला की उठते.
बाज आडवी करून
गोधडी पसरून ठेवते, माझी ऊब तशीच आत दुमडून.
तो येईस्तोवर ती टिकते की नाही, माहीत नाही.
त्यानं कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

हो, खोळींचं राहिलंच.
पंचफुलाबाईनं त्या परत पाठवल्या.
एकीवर माझ्या तेलाचा डाग, गोल,
दुसरी घडी न मोडलेली.
मी निरोप धाडला होता, ठिगळाला घ्या म्हणून.
पोराच्या हाती उलटा निरोप आला:
"ह्या फाडू नोको म्हणाव.
सीजन संपते न कधीतरी."